मोटारीचा पिवळा दिवा

पेट्रोल मोटारीच्या धुराच्या नळीत बोटाएवढा ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात प्राणवायू किती उरला ते तो इंजिनाच्या संगणकाला कळवतो. त्यावरून पेट्रोल कमी-जास्त सोडले जाते. तो बिघडला की पेट्रोल जास्त जळते, समोर पिवळा दिवा लागतो.

माझ्या गाडीचा दिवा लागला तेव्हा मेकॅनिकने नवा सेन्सर सांगितला. खाली वाकून पाहतो तो काय, वायर उंदराने कुरतडलेली! गाडी धान्याच्या पोत्यांशेजारी उभी असायची ना.

तेव्हा आधी वायर आणि जोड पाहा. मात्र सेन्सर सुमारे ३०० अंश तापल्यावरच काम करतो. गाडी निवल्याशिवाय हात घालू नका. इंजिन ऑईल खात असेल तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर नवा सेन्सरही लवकर खराब होईल.