भट्टीआधीच ठरते मजबुती

भज्यांच्या बेसनात पाणी एकदम ओतले की गाठी होतात. थोडे थोडे घालत ढवळले की पीठ एकजीव होते. सिरॅमिक बनवणाऱ्यांनाही नेमकी हीच काळजी असते. फरक इतकाच, की तिथली गाठ चव बिघडवत नाही, वस्तूच फोडते.

कपबशी, गाडीच्या स्पार्क प्लगवरचा पांढरा भाग, खुब्याच्या कृत्रिम सांध्यातला गुळगुळीत गोळा, या सर्व सिरॅमिकच्या वस्तू. भुकटी दाबून आकार द्यायचा आणि भट्टीत भाजायचे, अशा रीतीने त्यांतल्या बऱ्याच वस्तू तयार होतात. धातू वाकतो, सिरॅमिक वाकत नाही. ते आपल्या सर्वांत कमकुवत जागी तडकते. भुकटीत गाठ राहिली, तर भाजताना ती भोवतालच्या भागापेक्षा वेगळ्या प्रमाणात आकसते आणि शेजारी पोकळी उरते. तडा तिथूनच सुरू होतो. आच वाढवून हा दोष जात नाही.

भुकटी करण्याचा जुना मार्ग दळण्याचा. पण दळलेले कण लहानमोठे, वेडेवाकडे निघतात आणि चक्कीची झीजही त्यांत मिसळते. मग मोठे फोडून लहान करण्याऐवजी, द्रवातून लहान कणच घडवले तर?

इथे धातूंची अल्कॉक्साइड ही संयुगे कामी येतात. यांत धातूच्या अणूला ऑक्सिजनच्या दुव्याने अल्कोहोलचे अंश जोडलेले असतात. पाणी भेटताच ते अंश अल्कोहोल होऊन सुटतात आणि त्यांच्या जागी पाण्यातला हायड्रॉक्सिल गट बसतो. असे दोन रेणू जवळ आले की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि धातू-ऑक्सिजन-धातू अशी साखळी जुळते. ती वाढत वाढत कण होतो. सिलिकॉन हा काटेकोर अर्थाने धातू नव्हे, पण त्याची अशी संयुगेही याच रीतीने वागतात.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एबेलमेन यांनी 1846 च्या सुमारास पाहिले होते, की सिलिकॉनचे असे द्रव संयुग दमट हवेत ठेवले तर हळूहळू काचेसारखे घट्ट होते. पुढे 1968 मध्ये स्टोबर, फिंक आणि बोन यांनी अल्कोहोलमध्ये हे संयुग, पाणी व अमोनिया यांचे प्रमाण सांभाळून सिलिकाचे गोल, एकसारखे कण मिळवले. प्रमाण बदलले की आकार बदलतो: साधारण 0.05 ते 2 मायक्रॉन. आपला केस याहून कितीतरी पट जाड असतो.

कण एकसारखे का होतात? सर्वांची बीजे जवळजवळ एकाच वेळी तयार झाली, तर पुढे सर्व सारखेच वाढतात. बीजे मागेपुढे तयार झाली, की लहानमोठ्यांची गर्दी होते.

टायटॅनियमचे अल्कॉक्साइड फार उतावळे. हवेतल्या ओलाव्यानेही ते गढुळते. 1982 मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेत बॅरिंजर आणि बोवेन यांनी ते आणि पाणी दोन्ही अल्कोहोलमध्ये पातळ करून मिसळले आणि त्यातूनही एकसारखे कण मिळवले. ते नीट रचून भाजले, तेव्हा नेहमीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला भरीव सिरॅमिक तयार झाले.

जपानची सुमितोमो केमिकल ही कंपनी ॲल्युमिनियमच्या अल्कॉक्साइडपासून अतिशुद्ध ॲल्युमिना बनवते. अशा ॲल्युमिनापासून कृत्रिम नीलमणी घडवतात आणि त्याच्या चकत्यांवर एलईडी दिव्यांच्या चिप तयार होतात. मात्र ही संयुगे महाग असतात आणि ओलाव्यापासून जपावी लागतात. म्हणून रोजचे कप आणि फरशा आजही मातीपासूनच बनतात.

विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी मात्र हा प्रयोग घरी करू नये. यांतल्या काही द्रवांच्या वाफा डोळ्यांना गंभीर इजा करतात. प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली संधी मिळाली तर जरूर पाहावे: पाण्यासारखा स्वच्छ द्रव थोडा वेळ तसाच राहतो आणि मग पाहता पाहता दुधासारखा पांढरा होतो. पुढे भट्टीतून निघणाऱ्या वस्तूचे बरेच भवितव्य तेवढ्या वेळात ठरलेले असते.