कोल्हापूरचा विमानतळ: वय ८५ च्या पुढे!

विमानवेड्यांनो, आज उजळाईवाडीतल्या या विमानतळाची गोष्ट. 'कोल्हापूरला विमान आत्ता आत्ता आलं' असं वाटणाऱ्यांसाठी खास!

🔹 सुरुवात १९३९ ची, संस्थानी काळातली. शाहू महाराजांचे चिरंजीव छत्रपती राजाराम महाराज तेव्हा गादीवर होते. विमानतळाला त्यांचंच नाव द्यावं, ही कोल्हापूरकरांची जुनी मागणी.

🔹 पुढे बरीच वर्षं चित्र एकच: सेवा सुरू व्हायची, बंद पडायची. कलाटणी दिली 'उडान' योजनेनं. विमानातल्या ठरावीक जागांचं भाडं मर्यादित ठेवायचं आणि कंपनीची तूट सरकारनं भरून द्यायची, असा हा हिशेब. एप्रिल २०१८ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं, डिसेंबरात हैदराबाद-बेंगळुरू आणि २०१९ मध्ये तिरुपती. नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो, त्यामुळे या मार्गाचं अप्रूप वेगळंच.

🔹 धावपट्टी लहान असल्यामुळे इथं सत्तरेक आसनांची, पंख्याची एटीआर विमानं जास्त दिसली. मोठ्या जेटला लांब धावपट्टी लागते, म्हणूनच भूसंपादन आणि विस्तारीकरणाचा विषय इथं सतत चर्चेत असतो. रात्री विमान उतरवण्याची सोयही झाली आहे.

🔹 नव्या टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ ला झालं. कमानी आणि दगडी बाज थेट कोल्हापूरच्या राजवाड्यांची आठवण करून देणारा. फोटो काढायला विसरू नका!

🔹 तिकिटावरचा सांकेतिक कोड: केएलएच. पुणे-बेंगळुरू महामार्ग आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसी अगदी जवळ.

तुम्ही इथून कुठं उडालात? कमेंटमध्ये सांगा की राव!