शंभरात दहा जणी

गावात गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी झाली, की काही दिवसांनी एखादी बाई आमच्याकडं हळूच येते. हातात कागद, डोळ्यांत पाणी. 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' एवढंच तिला कळलेलं असतं. मला कॅन्सर झाला का? घरात कळलं तर काय म्हणतील? आज या कागदाविषयीच बोलूया.

एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू. बहुतेक बायका-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होतोच. आपल्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ साली मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होतं. ३० ते ५९ वयाच्या २७,१९२ बायकांची ही तपासणी झाली. २,८१२ जणींमध्ये विषाणू सापडला. म्हणजे शंभरात दहा. वीस जणींच्या बचत गटात दोघी!

या दहा जणींना कॅन्सर झाला का? नाही. बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत विषाणूला हुसकावून लावतं. थोड्या जणींत तो ठाण मांडतो, पेशी बिघडवतो. त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. तेवढ्यात बिघाड सापडला, तर छोट्या उपचारानं तो बरा होतो. अशा वेळी लगेच पिशवी काढायला कुणी सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारा.

त्या अभ्यासात पुढच्या आठ वर्षांत, ज्या गावांत ही तपासणी झाली तिथं या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या; जिथं नेहमीचीच सेवा होती तिथं ६४. तपासणी फक्त एकदाच झाली होती, बरं का!

आणि घरातली गोष्ट. विषाणू कधी आला, कुणाकडून आला, हे कागद सांगत नाही. तो कित्येक वर्षं गुपचूप राहू शकतो. म्हणून त्यावरून ना बाईवर संशय घ्यावा, ना नवऱ्यावर.

सरकारी दवाखान्यात बहुधा औषध लावून पिशवीचं तोंड नुसतं डोळ्यांनी बघतात. त्यात विषाणू नाही, पांढरा डाग दिसतो. तिशीनंतर दर पाच वर्षांनी ती करून घ्या. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेलं, अंगावरून घाण वास येणारं पाणी गेलं, तर मात्र थांबू नका.

कागद पॉझिटिव्ह आला, तर ट्रंकेत लपवू नका. पुढच्या तारखेला जा. एकटीला भीती वाटली, तर गटातली एक जण सोबत न्या.