आधी शपथ, मग प्रेम

ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांमधल्या सोयीच्या लग्नाच्या गोष्टीत देवासमोर शपथ आधी घेतली जाते, नवराबायकोची ओळख त्यानंतर होते आणि प्रेम सगळ्यांत उशिरा येते. लग्नाचे कारण व्यवहाराचे असते. कुणाला पोरक्या लेकरासाठी आई हवी असते, कुणाला डोक्यावर छप्पर.

या प्रकाराचा नमुना म्हणजे कॅनेडियन लेखिका जॅनेट ओक यांची 1979 सालची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’. अमेरिकेच्या सरहद्दीवरील वसाहतीत मार्टीचा नवरा अपघातात जातो. ती गरोदर, हातात पैसा नाही, हिवाळा तोंडावर. अंत्यविधीच्याच दिवशी क्लार्क हा विधुर शेतकरी तिला लग्नाचे विचारतो, कारण त्याच्या लहान मुलीला आई हवी आहे. वसंतात तिला माहेरी परतायचे असेल, तर वाटखर्च आपण देऊ, असा शब्दही तो देतो. पुढची सारी कादंबरी चूल, लेकरू, आजारपण आणि बाळंतपण यांतून सरकते. पुरुषाची परीक्षा संयमात होते: हक्क असूनही तो मागत नाही. दोघांचे मन जुळणे आणि मार्टीचा देवावर विश्वास बसणे, हे दोन्ही धागे एकत्रच विणलेले असतात. ही रचना बायबलला परकी नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाक रिबकेला आधी पत्नी करून घेतो; त्याचे प्रेम त्यानंतर सांगितले आहे.

साक्री-पिंपळनेरकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. खानदेशातल्या अनेक शेतकरी जातींत विधवेचा पाट किंवा मोहतूर, म्हणजे पुनर्विवाह, लागत असे, तोही वाजंत्रीविना, बहुधा रात्री. त्यामागे लेकरे आणि शेत सांभाळण्याचाच हिशेब असे. ब्राह्मणादी जातींतल्या विधवांना मात्र ही वाटही बंद होती. 1856 च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली. मराठीतली पहिली मानली जाणारी ही कादंबरी एका ख्रिस्ती लेखकाची आहे. प्रवासात नायिका यमुनेला ठिकठिकाणी विधवांचे हाल दिसतात, पुढे तिच्यावरही वैधव्य येते. शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते.

इथे तुलना टाळता येत नाही. मार्टीला क्लार्कसारखा भला माणूस मिळाला, म्हणून तिची गोष्ट गोड झाली. तो तसा नसता तर ती शपथ तिच्यासाठी बेडी ठरली असती, आणि या प्रकारातल्या बहुतेक कादंबऱ्या त्या शक्यतेकडे वळून पाहत नाहीत. पदमनजींच्या कादंबरीत प्रचार उघड आहे, कथानक विस्कळीत आहे. पण नवरा गेलेल्या बाईपुढे वाटाच किती उरतात, हा प्रश्न त्यांनी ओक यांच्या 122 वर्षे आधी अधिक धीटपणे मांडला.