अल्पमोली, बहुगुणी : नृत्यसंगीतासाठी सिंथेसायझरची निवड आणि तंजावरचा वाद्यविचार

तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे एक मराठी नृत्यनाट्य आहे. कुरवंजी हा मुळात तमिळ रंगपरंपरेतील प्रकार. त्यातील भविष्य सांगणारी कुरत्ती नायिकेला तिच्या प्रियकराची वार्ता देते. सरफोजींच्या या रचनेत मात्र कुरत्तीच्या तोंडी जगाचा भूगोल घातलेला आहे. ज्या दरबारात नवे ज्ञान नृत्याच्या बोलीतून सांगितले जात होते, त्याच दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचे पथक होते आणि पाश्चात्त्य स्वरलिपीतील संगीतही जपले जात होते. तेव्हा परक्या वाद्याने नृत्याची साथ करावी ही गोष्ट तंजावरला नवलाची नाही.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात गोव्यातील हणजूण, वागातोर या किनाऱ्यांवर आकाराला आलेले आणि ‘गोवा ट्रान्स’ या नावाने जगभर गेलेले सायकेडेलिक नृत्यसंगीत हे सर्वस्वी विद्युत्-वाद्यांवर उभे आहे. असे संगीत स्वतः रचू पाहणाऱ्या नवशिक्या तरुणापुढे पहिलाच प्रश्न येतो तो द्रव्याचा. गाठीची रक्कम थोडी, बाजारातील वाद्ये शेकडो. एकदा चूक झाली की दुसरे वाद्य घेण्याची संधी वर्षानुवर्षे येत नाही. हा प्रश्न वरवर पाहता बाजारहाटाचा दिसतो. वस्तुतः तो वाद्यविचाराचा आहे, आणि या विचारासाठी लागणारी परिभाषा तंजावरात चारशे वर्षांपूर्वीच घडलेली होती.

जुन्या संगीतग्रंथांत वीणेचे दोन प्रकार सांगितले आहेत : एकराग मेल आणि सर्वराग मेल. पहिल्या प्रकारात त्या त्या रागाला लागणाऱ्या स्वरांपुरतेच पडदे बांधलेले असतात. राग बदलला की पडदेही हलवावे लागतात. दुसऱ्या प्रकारात सर्व स्वरस्थानांचे पडदे कायम असतात आणि त्यांवर कोणताही राग वाजविता येतो. तंजावरच्या रघुनाथ नायकांच्या काळात (इ. स. १६०० ते १६३४) वीणेला २४ स्थिर पडदे मिळाले, असे परंपरा मानते. रघुनाथ नायकांचे मंत्री गोविंद दीक्षित यांचे पुत्र व्यंकटमखी यांनी पुढे ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ या ग्रंथात ७२ मेलांची जी व्यवस्था मांडली, तिच्यामागे स्थिर स्वरस्थानांची हीच कल्पना आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सर्वराग मेल वीणेवर पडदे स्थिर असले तरी स्वर स्थिर राहत नाही. वादक तार बाजूला खेचून गमक निर्माण करतो. वाद्याने सोय पुरवावी आणि उरलेले काम हाताने करावे, अशी ही वाटणी आहे. सिंथेसायझर निवडताना नेमकी हीच वाटणी तपासावयाची असते.

प्रथम या संगीताच्या गरजा पाहू. त्याची लय साधारणपणे मिनिटाला १४० ते १५० मात्रांची असते. प्रत्येक मात्रेवर ढोलासारखा एक खोल आघात पडतो आणि दोन आघातांमधील जागेत मंद्र स्वराचे तीन तुटक ठोके येतात. लय १४५ मात्रांची धरली तर मात्रेचा चौथा भाग सुमारे १०३ मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे मंद्र स्वराला उगवून मावळण्यासाठी एका सेकंदाचा जेमतेम दहावा भाग मिळतो. या सगळ्यावर एकच आधारस्वर बराच काळ, कित्येकदा संपूर्ण रचनाभर, टिकून राहतो. पाश्चात्त्य संगीतातील संवादी स्वरसमूहांची ये-जा येथे फारशी नसते. जी हालचाल असते ती स्वराच्या रंगात. कोमल ऋषभ आणि शुद्ध गांधार एकत्र आणणारी जी स्वरपंक्ती या रचनांत वारंवार ऐकू येते, तिचे व्यंकटमखींच्या परंपरेतील स्थान १४ व्या मेलात, म्हणजे आज ‘वकुलाभरणम्’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेलात आहे. स्थिर षड्जावर कान तयार झालेल्या श्रोत्याला हे संगीत कर्कश वाटेल कदाचित. परके वाटण्याचे कारण नाही.

स्वराचा रंग बदलणे म्हणजे काय, हे तंबोऱ्यावरून उत्तम समजते. कोणत्याही तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आंदोलनसंख्येचे स्वयंभू स्वर निघत असतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा योग्य जागी सरकविला की जवारी उघडते आणि हे स्वयंभू स्वर एकामागून एक उजळून मावळू लागतात. सिंथेसायझरमध्ये तारेच्या जागी विद्युत्-दोलक असतो. त्याची करवतीच्या दातांसारखी तरंगाकृती घेतली तर तिच्यात सर्व स्वयंभू स्वर असतात. चौकोनी आकृतीत केवळ विषम क्रमांकाचे. यापुढे येतो फिल्टर, म्हणजे स्वरांची गाळणी. ती विशिष्ट मर्यादेच्या वरचे स्वयंभू स्वर अडविते. गाळणीचा अनुनाद वाढविला तर त्या मर्यादेजवळचा स्वयंभू स्वर ठळक होतो, आणि मर्यादा वर-खाली सरकविली की स्वयंभू स्वर ओळीने उजळत जातात. तंबोऱ्यात सुताचा धागा जे काम करतो त्याच जातीचे काम येथे एक खुंटी करते. या संगीताचा प्राण या खुंटीत आहे. म्हणून वाद्य घेताना प्रथम ती फिरवून पाहावी. तिची चाल पायऱ्यापायऱ्यांनी अडखळत असेल, तर बाकीचे गुण कितीही असोत, ते वाद्य या कामाचे नव्हे.

अल्पमोली वाद्याने इतिहास घडविल्याचे उदाहरण याच खुंटीशी निगडित आहे. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारून दिला, तेव्हा असे यंत्र बाळगणे संस्थेलाच शक्य होते. १९८१ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने टीबी-३०३ हे छोटे यंत्र काढले. एकट्या वादकाला बेस गिटारची साथ मिळावी हा त्याचा हेतू होता. तो सफल झाला नाही. १९८४ पर्यंत उत्पादन थांबले आणि ही यंत्रे पडत्या भावाने विकली गेली. परंतु मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच या यंत्रावर, सोबतीला ज्युपिटर-८ आणि टीआर-८०८ घेऊन, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जी सोय या यंत्रात होती, तिचा त्यांनी मींडेसारखा उपयोग केला. ती ध्वनिमुद्रिका त्या वेळी दुर्लक्षित राहिली. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या मंडळींनी त्याच यंत्राच्या गाळणीची खुंटी फिरवीत ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढले आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ हा प्रकार रूढ झाला. गोवा ट्रान्सच्या पूर्वजांत त्याची गणना होते. २०१० मध्ये चरणजित सिंगांची ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जगाला या साम्याचा विस्मय वाटला. एक दोलक, एक गाळणी आणि स्वरांची ओळ लिहून ठेवण्याची सोय, एवढेच ज्यात होते ते टीबी-३०३ हे शुद्ध ‘एकराग मेल’ वाद्य होय. मूळ यंत्रे आता दुर्मिळ व महाग झाली आहेत. मात्र बेरिंगर कंपनीच्या टीडी-३ (२०१९) सारख्या प्रतिकृतींनी तोच आवाज अल्प किमतीत आणला.

तर मग अशी प्रतिकृती घेऊन भागेल काय? येथे मंद्र स्वराची अडचण पुढे येते. या संगीतातील आधारस्वर बहुधा ४१ ते ४९ हर्ट्झच्या दरम्यान असतो. आंदोलनसंख्या ४४ धरली तर १०३ मिलिसेकंदांत अवघी साडेचार आंदोलने होतात. दोलक मोकळा चालत असेल, तर प्रत्येक ठोका आंदोलनाच्या निराळ्या बिंदूवर सुरू होतो. लांब स्वरात हा फरक कोणाला जाणवणार नाही. परंतु साडेचार आंदोलनांच्या स्वरात पहिले अर्धे आंदोलन बदलले की ठोक्याचा आकारच बदलतो. मृदंगाच्या डाव्या अंगावरील थाप दर वेळी निराळी पडावी, तसा हा दोष असतो. म्हणून प्रत्येक स्वराच्या आरंभी दोलक एकाच बिंदूपासून सुरू करण्याची सोय वाद्यात आहे की नाही, हे विचारून घ्यावे. स्वस्त अ‍ॅनालॉग वाद्यांत ती पुष्कळदा नसते; अंकीय वाद्यांत आणि संगणकावरील सिंथेसायझरांत सहसा असते. ज्यांच्याजवळ मोकळ्या दोलकाचेच वाद्य आहे ते एक नेमका ठोका मुद्रित करून त्याचीच आवृत्ती करतात. याच्या जोडीला स्वराचा उगम व विलय ठरविणारा एन्व्हलप काही मिलिसेकंदांत उतरण्याइतका चपळ असावा लागतो.

वरच्या सप्तकातील चमत्कृतींची मागणी निराळी असते. तेथे एका घटकाने दुसऱ्याला हलवीत ठेवावयाचे असते : मंद दोलकाने गाळणी हलवावी, एन्व्हलपने स्वराची उंची हलवावी, एका दोलकाने दुसऱ्याची आंदोलनसंख्या ढवळावी. अशा जोडण्या जितक्या मुक्तपणे करता येतील तितके वाद्य बहुगुणी. आर्टुरियाचे मायक्रोफ्रीक (२०१९) हे या दृष्टीने लक्षणीय आहे. त्यात अंकीय दोलकांपुढे अ‍ॅनालॉग गाळणी असून कोणता घटक कशाला हलविणार हे ठरविण्याचा स्वतंत्र तक्ताच वाद्याच्या अंगावर मांडलेला आहे. दुसरा विचार स्वरस्थानांचा. समविभागी सप्तकातील गांधार नैसर्गिक गांधाराहून किंचित चढा असतो. १३२ हर्ट्झच्या षड्जावर तो लावला तर षड्जातील स्वयंभू गांधाराशी त्याचा मेळ न बसून सेकंदाला सुमारे ५ विस्पंदे ऐकू येतात. सतत चालणाऱ्या षड्जावर हा कंप झाकत नाही. कॉर्गच्या मोनोलॉगसारख्या काही अल्पमोली वाद्यांत प्रत्येक स्वराचे स्थान हवे तसे बसविता येते. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाने या गुणाला अधिक मोल द्यावे.

आता द्रव्याचा हिशेब. ज्याच्याजवळ बऱ्यापैकी संगणक आहे त्याने पहिला पैसा वाद्यावर खर्च करू नये. ‘सर्ज’ हा मुक्तस्रोत सिंथेसायझर आणि ‘व्हायटल’ची विनामूल्य आवृत्ती यांत वर सांगितलेले बहुतेक सर्व गुण आहेत, मंद्र स्वराचे काम ते निर्दोष करतात. या अर्थी संगणक हीच आजची सर्वराग मेल वीणा होय. उरलेल्या पैशांतून चांगले हेडफोन व ध्वनीची ये-जा सांभाळणारा ऑडिओ इंटरफेस घ्यावा, कारण ४४ हर्ट्झचा स्वर संगणकाच्या चिमुकल्या स्पीकरमधून ऐकूच येत नाही, आणि जे ऐकू येत नाही ते दुरुस्त करता येत नाही. त्यानंतर, हाताला खुंटीची ओढ लागली असेल, तर एकच एकराग मेल वाद्य जोडावे. पट्ट्यांची संख्या आणि आयत्या आवाजांची यादी यांना भुलू नये. या संगीतात दोन्ही हातांनी वाजविण्याचा प्रसंग क्वचितच येतो. वापरलेले यंत्र घेताना प्रत्येक खुंटी फिरवून खरखर ऐकावी, आणि अ‍ॅनालॉग यंत्र असेल तर ते अर्धा तास चालू ठेवून स्वर सरकतो का ते पाहावे. कावेरीच्या खोऱ्यातील उष्म्यात हा दोष विशेष जाणवतो. संगणकाशी जोडण्यासाठी मिडी या १९८३ पासून रूढ असलेल्या संकेताची सोय मात्र हवीच. तिच्यावाचून लय जुळत नाही.

या निवडीला आणखी एक बाजू आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात विद्युत्-श्रुतिपेट्या आल्या आणि मैफलीत तंबोरा बाळगण्याची निकड उरली नाही. सोय खरी; पण सुताचा धागा सरकवून जवारी लावण्याचे कसब ज्यांच्या हाती होते, त्यांची संख्या त्यामुळे रोडावली, आणि त्या कसबाबरोबर स्वयंभू स्वर ओळखणारा कानही दुर्मिळ होऊ लागला. फणसाच्या लाकडातून कोरली जाणारी तंजावरची वीणा २०१३ मध्ये भौगोलिक निर्देशनाच्या नोंदीत आली, तरी नोंदीने कान तयार होत नाही. सिंथेसायझर श्रुतिपेटीसारखा वापरला, आयते आवाज लावून सोडून दिले, तर हीच गत होईल. उलट, गाळणीची खुंटी हळूहळू फिरवीत कोणता स्वयंभू स्वर केव्हा उजळला हे ऐकत बसले, तर गमावलेला कान या यंत्रावरही परत कमावता येतो.

व्हायोलिनचे उदाहरण यासाठी बोलके आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते कर्नाटक संगीतात आले. या संदर्भात बाळुस्वामी दीक्षितर आणि सरफोजींच्या दरबाराशी निगडित असलेल्या तंजावर बंधूंपैकी वडिवेलु यांची नावे घेतली जातात. वाद्याच्या घडणीत त्यांच्या परंपरेने काही बदल केला नाही. बदलली ती मांडी घालून धरण्याची रीत, आणि तारा षड्ज-पंचमात मिळविण्याची पद्धत. एवढ्यावर ते वाद्य या भूमीचे झाले. जो तरुण आपल्या यंत्राचा षड्ज आधी कानाने लावील, गांधार त्याच्याशी मिळवून घेईल आणि मगच ठेका सुरू करील, त्याने थोड्या पैशांत योग्य वाद्य निवडले असे म्हणता येईल.