घरच्या थोरांचा फोटो ओसरीच्या उजेडात काढा

या पानावर एरवी आपण खतं, कीड, पीककर्ज यांवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. तुमच्या घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस डोळ्यांपुढे आणा आणि त्यांचा एक तरी धड फोटो घरात आहे का, ते बघा. बऱ्याच घरांत नसतो. असतो तो लग्नाच्या घोळक्यात मागे दिसणारा अर्धा चेहरा, नाहीतर आधार कार्डावरचा, घरच्यांनाही ओळखू न येणारा. मग माणूस गेलं की दहाव्याच्या आत तालुक्याच्या स्टुडिओत धावपळ. तिथे कार्डावरचं तोंड कापून कुणाच्या तरी कोटावर बसवतात, मागे निळं आभाळ लावतात. जन्मभर धोतर-सदऱ्यात वावरलेले आजोबा भिंतीवर कोटात बसतात आणि नातवंडांना तेच खरं वाटतं.

आता घराघरात मोबाईल आहे, त्यात कॅमेरा आहे. अडतं ते उजेडापाशी. आपल्याकडे फोटो म्हटला की माणसाला अंगणाच्या मधोमध, भर उन्हात उभं करायचं, हीच रीत. बारा वाजताचं ऊन डोक्यावरून सरळ खाली येतं. टोपीची नाहीतर पदराची सावली कपाळावर पडते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, नाक तेवढं चमकतं. वर माणूस डोळे बारीक करतो. असा फोटो कुणाचाच चांगला येत नाही, मग कॅमेरा कितीही महागाचा असो.

त्यापेक्षा त्यांना ओसरीवर घ्या. ओसरी नसेल तर पडवी, गोठ्याचं दार, खोपटाचं तोंड, काहीही चालेल. जिथे ऊन संपून सावली सुरू होते, त्या रेघेच्या हात-दोन हात आत त्यांना बसवा आणि तोंड बाहेर अंगणाकडे ठेवा. डोक्यावर छप्पर असल्यामुळे वरून ऊन येत नाही. समोरच्या मोकळ्या आभाळाचा आणि सारवलेल्या अंगणाचा मऊ उजेड चेहऱ्यावर येतो. त्या उजेडात सुरकुती सुरकुती दिसते, पण काळीकुट्ट होत नाही. डोळ्यांत अंगणाचा एक पांढरा ठिपका चमकतो. तो ठिपका दिसला की समजा, जागा बरोबर आहे. मागे घरातला अंधार राहतो, त्यामुळे दोरीवरचे कपडे आणि फवारणीचा पंप फोटोत येत नाहीत.

चेहऱ्याची एक बाजू फारच काळी दिसत असेल, तर त्या बाजूला कुणालातरी पांढरं धोतर ताणून धरायला सांगा. थर्माकोलचा तुकडाही चालतो. उजेड त्यावर आपटून चेहऱ्यावर येतो. शहरातले फोटोग्राफर याच कामाला विकतचं साहित्य वापरतात, आपलं काम धोतरावर भागतं.

झाडाखाली बसवायचं तर झाड बघून बसवा. कडुनिंबाच्या विरळ सावलीत चेहऱ्यावर कवडसे पडतात आणि माणसाला कोड फुटल्यासारखं दिसतं. आंब्याची, चिंचेची दाट सावली बरी, तीही कडेची. पावसाळ्यात ढगाळ दिवशी मात्र कुठेही काढा, सगळं आभाळच एक मोठा दिवा झालेलं असतं. फक्त तोंड उजळ बाजूला हवं. उघडीप असेल तर सकाळी उन्हं वर यायच्या आत, नाहीतर गुरं घरी परततात त्या वेळी.

आता रंगाचं. दाट झाडाखाली पानांतून आलेला उजेड चेहऱ्यावर हिरवट झाक आणतो, निळ्या ताडपत्रीखाली माणूस निळसर दिसतो. काळा-पांढरा केला की ही भेसळ निघून जाते. शिवाय लाल प्लास्टिकची खुर्ची, पिवळी घागर असलं काही नजर ओढून घेत नाही, चेहराच दिसतो. पण एक अडचण आहे, ती ध्यानात ठेवा. लाल फेटा आणि मागचं हिरवं पीक रंगात वेगळे दिसतात, काळ्या-पांढऱ्यात दोन्ही एकाच राखाडी छटेचे होऊन एकमेकांत मिसळू शकतात. म्हणून मागे साधी भिंत नाहीतर अंधार असावा. फोटो आधी रंगीतच काढा, मग फोनमध्ये त्याची काळी-पांढरी प्रत करा, म्हणजे मूळ फोटो हाताशी राहतो.

फोनच्या चार बारीकसारीक गोष्टी. तंबाखूच्या पुडीबरोबर खिशात राहिलेल्या फोनची काच आधी सुती कापडाने पुसा, निम्मे फोटो तिथेच सुधारतात. फार जवळ जाऊ नका, नाक मोठं येतं. पाच-सहा फूट मागे सरा आणि दुप्पट मोठं करून घ्या. पांढऱ्या सदऱ्यामुळे फोन फसतो आणि सावळा चेहरा काळा करून टाकतो, म्हणून पडद्यावर चेहऱ्यावरच बोट टेकवा. आणि "हसा, हसा" म्हणू नका. म्हाताऱ्या माणसाला त्यांच्या पहिल्या बैलजोडीबद्दल विचारा, विहीर कुणी खोदली ते विचारा. बोलता बोलता ते क्षणभर थांबतील, तेव्हा बोट दाबा.

उजेडाची आणि माणसाची अशी कदर किती मोठं काम करते, याची एक हकिगत सांगतो. परदेशातली आहे, पण शेतमजुरांचीच. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३५ साली, गरीब शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी सरकारने एक खातं काढलं. पुढे १९३७ मध्ये ते तिथल्या कृषी विभागात आलं. या खात्याने शेतकऱ्यांचे हाल दाखवायला फोटोग्राफर नेमले होते. त्यांत डोरोथिया लँग ही बाई होती. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर ती पोचली. थंडीने वाटाणा गोठून गेलेला, तोडणी बंद, मजूर उपाशी. कापडी तंबूच्या तोंडाशी एक बत्तीस वर्षांची आई मुलांना घेऊन बसली होती. लँगने थोडक्या वेळात मोजकेच फोटो घेतले. वर आडोसा, समोरून पावसाळी आभाळाचा उजेड. आपल्या ओसरीसारखीच जागा! काळ्या-पांढऱ्या फोटोतला तो काळजीने ग्रासलेला चेहरा आज जगभर ओळखला जातो. वर्तमानपत्रात बातमी आली आणि सरकारने त्या तळावर वीस हजार पौंड, म्हणजे सुमारे नऊ टन अन्नधान्य धाडलं.

इथवर सगळं छान. पण अन्न येईपर्यंत ती आई मुलांना घेऊन पुढच्या गावी निघून गेली होती. आणि लँगने तिचं नावच विचारलं नव्हतं. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, हे लोकांना कळायला १९७८ साल उजाडलं. लँगने लिहिलं होतं की कुटुंबाने पोटासाठी गाडीचे टायर विकले. घरच्यांनी पुढे सांगितलं, असं काही झालंच नव्हतं. फोटोची प्रत पाठवते असं सांगितलं होतं, ती कधी आली नाही, अशी थॉम्प्सनबाईंची तक्रार होती. फोटो जगभर छापला गेला, त्याचा एक पैसाही त्यांना मिळाला नाही. १९८३ मध्ये त्या आजारी पडल्या, तेव्हा मुलांनी आवाहन केल्यावर लोकांनी पस्तीस हजार डॉलरच्या आसपास मदत पाठवली. त्याच वर्षी त्या वारल्या.

हे वाचून मला आपल्याच कामाची आठवण होते. कृषी खात्यातले आम्ही, तसेच ज्यांची पदनामं बदलली तरी गाव ज्यांना अजून तलाठी आणि ग्रामसेवकच म्हणतं ती मंडळी, आपण सगळेच लाभार्थ्यांचे फोटो काढतो. शेततळ्यापाशी, ठिबकच्या संचापाशी, विहिरीच्या काठावर माणूस ताठ उभा, फोटोवर जागेचा अक्षांश-रेखांश छापलेला, वेळ दुपारी एक. शेततळं स्वच्छ दिसतं, शेतकऱ्याच्या तोंडाच्या जागी काळा डाग. पुरावा म्हणून तो चालतो, फाइल पुढे सरकते. माझं म्हणणं एवढंच, की तिथे गेलाच आहात तर दोन मिनिटं जास्त द्या. त्याच शेतकऱ्याला बांधावरच्या सावलीत बोलवा आणि एक चांगला फोटो त्यांच्यासाठी घ्या. त्यांना विचारून घ्या, बायाबापड्यांचा तर विचारल्याशिवाय मुळीच नको. तो त्यांच्या नाहीतर मुलाच्या फोनवर तिथल्या तिथे पाठवा. सरकारी फोटो दप्तरात जाईल, हा घरी राहील.

आणि घरच्यांनो, फोनमध्येच ठेवू नका. फोन पडतो, पाण्यात जातो, पोरं जागा करायला पुसून टाकतात. तालुक्याच्या गावी फोटोच्या कागदावर छापून घ्या. मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने पूर्ण नाव, गाव, महिना आणि साल लिहा. बॉलपेनने लिहू नका, दाबून लिहिलेलं पुढच्या बाजूला उमटतं. दोन प्रती काढा. एक भिंतीला लावा, पण रोजचं ऊन पडतं त्या भिंतीला नको. दुसरी सातबारा-आठ अ ठेवता त्या पत्र्याच्या पेटीत, कोरड्या कागदात गुंडाळून.