दूरस्थ सहकाऱ्यांचे नेतृत्व

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील मानकोली परिसर गोदामांसाठी सुपरिचित आहे. मार्च २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी आली, तेव्हा कार्यालयांतील संगणकावरचे काम घरी नेता आले. मालाची चढउतार मात्र गोदामातच करावी लागते. अशा विभागलेल्या कामात बदललेला आदेश गोदामापर्यंत वेळेवर पोहोचला नाही, तर चुकीचा माल रवाना होतो आणि दोष हमालाच्या माथी येतो. म्हणून प्रमुखाने प्रत्येक निर्णय सर्वांना एकाच वेळी लेखी कळवावा, हजेरीइतकेच पूर्ण झालेल्या कामाला महत्त्व द्यावे, दूरच्या सहकाऱ्यांच्या अडचणी ठरावीक दिवशी ऐकाव्यात आणि अधूनमधून प्रत्यक्ष भेट द्यावी. विखुरलेल्या शाळा, अंगणवाड्या व ग्रामपंचायती यांच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही ही पद्धत उपयुक्त ठरेल.